फिरकी कोण धरणार?

ताई,
मी मांजलपूरला राहतो, मकरपुऱ्याला कारखान्यात नोकरी. मुलगा १४ वर्षांचा, नववीत आहे. पाच वर्षांचा होता तेव्हापासून उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, माझ्यामागे फिरकी धरून उभा राहायचा. पुढे किन्ना बांधायला, पेच लावायला मीच शिकवलं. यंदा म्हणतो, १४ तारखेला मित्राच्या धाब्यावर (गच्चीवर) जाणार आणि तुम्ही तिथे येऊ नका. मित्र बरोबर असले की माझा फोन गुजरातीत घेतो, ‘पप्पा, पछी वात करुं’ (नंतर बोलतो) म्हणतो आणि ठेवून देतो. ‘सोन्या’ म्हटलेलं चालत नाही. खोलीचं दार लावून बसतो, रात्री एक-एक वाजेपर्यंत जागतो. दिवाळीत पुण्याला ‘पाणी सांडलं’ऐवजी ‘पाणी ढोळलं’ म्हणाला म्हणून चुलत भावंडं हसली, तेव्हापासून मराठी आणखी कमी झालंय. मागच्या आठवड्यात मी चिडून त्याचा फोन काढून घेतला, तर दोन दिवस आमचं बोलणं बंद. माझी आई म्हणते, लाडावून ठेवलाय. बायको म्हणते, वय आहे, सोडा. त्याची संगत बिघडली असेल का? फोन तपासत जाऊ का? गेंडीगेटहून ५००० वार दोरी आणून ठेवली आहे, ती आता कोणासाठी?
— एक वडील, वडोदरा

नमस्कार दादा,

पत्रात तुम्ही बरंच काही विचारलंय, पण मी शेवटच्या ओळीवर अडकले. संगत, फोन, जागरण हे मुलाबद्दलचे प्रश्न झाले. ती दोरी कोणासाठी, हा प्रश्न तुमचा स्वतःचा आहे. आधी तोच घेऊ. तो तसाच मनात राहिला तर बाकीच्या सगळ्यांची उत्तरं तुम्ही रागाच्या भरात द्याल. एक तर दिलंतच, फोन काढून घेतलात.

नऊ वर्षं एक माणूस तुमच्या मागे उभा होता. तुम्ही ‘ढील’ म्हणालात की सोडायचा, ‘लपेट’ म्हणालात की हात दुखेपर्यंत गुंडाळायचा. तुमचा पतंग कापला गेला तरी त्याच्या लेखी अख्ख्या सोसायटीत तुमच्यासारखा पतंगबाज दुसरा नव्हता. असा माणूस एका वर्षी ‘तुम्ही येऊ नका’ म्हणाला तर पोटात खड्डा पडणारच. पडू दे. फक्त त्याचं बिल त्याच्या नावावर फाडू नका. त्याने तुमचं काही चोरलेलं नाही, तो मोठा होतोय एवढंच.

हे मी शहाणपणाने सांगतेय असं समजू नका. माझा मुलगा सातवीत गेला आणि मला शाळेच्या दारापर्यंत यायची बंदी झाली. ‘न्यायमंदिरापाशी सोड, पुढे मी चालत जाईन.’ दुसऱ्यांच्या मुलांबद्दल शाळांतून व्याख्यानं देणारी मी बाई, आणि घरी महिनाभर गाल फुगवून बसले. मग एकदा त्याला सोडल्यावर लगेच स्कूटर वळवली नाही, आरशातून बघत राहिले. पाचेक पावलं तो नेहमीसारखा गेला. मग त्याने खोचलेला शर्ट एका बाजूने बाहेर काढला, दप्तराचा एक पट्टा खांद्यावरून सोडला, केसांवरून हात फिरवला आणि त्याची चालच बदलली. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या दोन पोरांकडे जो गेला तो मुलगा मी याआधी पाहिलेला नव्हता. मी तिथे असते तर तो मुलगा बाहेरच आला नसता. मला लपवून ठेवण्यात त्याला रस नव्हता, त्याला फक्त ते दुसरं सोंग वठतंय का ते बघायचं होतं. आणि आईसमोर सोंग वठत नाही. आईला खरा चेहरा माहीत असतो ना, तीच अडचण.

आता ‘सोन्या’कडे येऊ. डेव्हिड एल्काइंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये या वयातल्या एका गमतीशीर गोष्टीला नाव दिलं: काल्पनिक प्रेक्षक. बारा-तेरा वर्षांच्या पुढे मुलाला दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललं असेल याचा पूर्वीपेक्षा खूप खोलवर विचार करता येऊ लागतो. ही खरं तर बुद्धीची मोठी झेप आहे. पण नवी सायकल मिळालेलं पोर जसं भिंतीलाच जाऊन धडकतं तसं होतं. त्याला वाटतं, माझ्या डोक्यात चोवीस तास मीच आहे म्हणजे सगळ्यांच्याच डोक्यात मी असणार. नाकावरची पुटकुळी सगळ्या वर्गाने पाहिली. मधूनच आवाज फाटला तो सगळ्यांनी ऐकला. तुम्ही फोनवर ‘सोन्या, कुठे आहेस रे’ म्हणालात तेव्हा शेजारचे तिघे आपापल्या पुटकुळीची काळजी करत होते, कोणाचंच लक्ष नव्हतं. पण त्याच्या लेखी ते ‘सोन्या’ मांजलपूरपासून मांडवीपर्यंत ऐकू गेलं. म्हणून ‘पछी वात करुं’ आणि फोन बंद. तो तुम्हाला कंटाळलेला नाही, रंगमंचावर असताना त्याला बापाची हाक आली इतकंच. ‘सोन्या’ हे नाव टाकूही नका. रात्री दिवे मालवताना, कोणी आसपास नसताना म्हणून बघा. बऱ्याच घरांत तेव्हा ते चालतं. नाही चाललं तर आठ-दहा महिने थांबा.

गुजरातीचं तुम्हाला जास्त लागलंय हे ओळींवरून कळतं. इथे एक माणूस आठवतो. किशोरवयात ‘मी कोण’ हा प्रश्न सोडवणं हेच मुलाचं मुख्य काम असतं, हा विचार ज्याच्यामुळे जगभर रुजला तो एरिक एरिक्सन. माणसाच्या आयुष्याचे त्याने आठ टप्पे मांडले, त्यातला हा पाचवा. हा प्रश्न त्याने पुस्तकातून उचलला नव्हता. जर्मनीत वाढलेला हा मुलगा उंच, सोनेरी केसांचा. घर ज्यू. शाळेतली मुलं त्याला ज्यू म्हणून चिडवायची आणि ज्यूंच्या प्रार्थनामंदिरातली मुलं ज्यू दिसत नाही म्हणून. जन्मदात्या बापाचं नावही त्याला कधी कळलं नाही. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्याने आडनावच स्वतः घेतलं. (आणि आपल्या शेजारी अहमदाबादला येऊन, १९१८ च्या गिरणी संपातल्या गांधीजींवर त्याने अख्खं पुस्तक लिहिलं. गुजरातशी त्याचा एवढा संबंध आहे.)

आता तुमच्या चिरंजीवांकडे बघा. वर्गात तो ‘मराठी’, पुण्यात तो ‘गुजराती’. दोन्हीकडे थोडा बाहेरचा. तुम्ही आणि मी या गोष्टीची सवय करून घेऊन तीस-चाळीस वर्षं झाली, म्हणून आपल्याला ती दिसेनाशी झालीय. त्याला ती या दिवाळीत पहिल्यांदा टोचली. आणि टोचली तीही स्वतःच्या माणसांत, जिथे निदान मराठी बोलण्यावरून हसतील असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानंतर त्याने जे केलं ते अगदी साधं आहे. ज्या भाषेत हसं झालं ती कमी वापरली, ज्या भाषेत मित्र आहेत ती जास्त.

त्या दिवशी तुम्ही काय बोललात, ते पत्रात नाही. मला ते जाणून घ्यायला आवडलं असतं. तुम्हीही हसलात का? मी दोष देत नाही, असल्या क्षणी आपण सगळेच हसतो. पण आता तरी त्याला सांगा की ‘ढोळलं’ ही चूक नाही. गायकवाडांपासून तीनशे वर्षं गुजरातीच्या कुशीला बसून वाढलेल्या बडोद्याच्या मराठीतला तो शब्द आहे, आणि दूध सांडण्यापेक्षा ते ढोळण्यात मला स्वतःला जास्त मजा वाटते. पुढच्या वेळी भावंडं हसली तर त्यांना थोपवायचं काम तुमचं. त्याचं मराठी चारचौघांत सुधारू नका, घरी जेवताना तुम्ही चांगलं मराठी बोलत राहा. त्याने गुजरातीत उत्तर दिलं तरी मराठीतच बोला, कुरकूर न करता. भाषा कानांतून टिकते, दमदाटीने टिकत नाही.

आणि सयाजीरावांची गोष्ट त्याला शाळेत सांगितली असेलच, पण त्याच्या वयाच्या बाजूने एकदा तुम्ही सांगून बघा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ, शेतकऱ्याचं पोर. १८७५ मध्ये बारा वर्षांचा असताना त्याला बडोद्याला आणलं, दत्तक घेतलं, नाव बदललं, गादीवर बसवलं. अक्षरओळख त्यानंतर. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा एकदम. कारभाराचे पूर्ण अधिकार हातात आले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. म्हणजे त्याचं सगळं किशोरवय एका नव्या नावात स्वतःला बसवण्यात गेलं. आपण फक्त महाराज बघतो, पुतळ्यातले. तो बारा वर्षांचा पोरगा रात्री कोणत्या भाषेत स्वप्नं बघत असेल, हे कोणी विचारत नाही.

तुमच्या आईंचं ‘लाडावून ठेवलाय’ मला पटत नाही, पण त्यांना उलट उत्तर देऊ नका, त्यांच्या काळात चौदाव्या वर्षी मुलगा दुकानावर बसायचा. कोणीतरी तुम्हाला ‘प्राप्ते तु षोडशे वर्षे पुत्रं मित्रवदाचरेत्’ हेही ऐकवलं असेल. त्या सुभाषितावर माझा जुना राग आहे. पहिली पाच वर्षं लाड, मग दहा वर्षं मार, आणि सोळावं लागलं की एकदम मित्र! मार खाल्लेला मुलगा मित्र कशाला होईल? शिवाय मित्र त्याच्याकडे भरपूर आहेत, बाप एकच आहे. बापाची चप्पल मुलाच्या पायात यायला लागली म्हणजे बापाने चप्पल सोडून द्यायची असं नसतं.

बाप म्हणून कुठे ठाम राहायचं ते आता सांगते, कारण ‘वय आहे, सोडा’ हेही पुरं खरं नाही. या वयात बक्षिसाची, थराराची ओढ लावणारा मेंदूचा भाग जोरात चालू झालेला असतो आणि लगाम खेचणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. एकटा असताना तुमचा मुलगा तुमच्याइतकाच शहाणा असेल. मित्र बघत असले की गणित बदलतं. २००५ मध्ये अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी मुलांना आणि मोठ्यांना मोटार चालवायचा एक संगणकावरचा खेळ दिला. सिग्नल कधीही लाल होऊ शकतो, थांबायचं की जायचं ते ठरवायचं. १३ ते १६ वयाची मुलं दोस्तांसमोर खेळताना कितीतरी जास्त धोका पत्करत होती. चोविशीच्या पुढच्यांना कोण बघतंय याने फारसा फरक पडला नाही.

आता हा खेळ धाब्यावर आणून बघा. कठडा कमरेएवढा, डोळे आभाळात, कानात स्पीकर, आणि मागे आठ पोरं ओरडतायत ‘काप, काप’. म्हणून जाण्यापूर्वी तो धाबा कसा आहे, कठडा आहे का, घरातलं कोणी मोठं वर असणार का, एवढं विचाराच. त्या मित्राच्या आई-वडिलांना फोन करा, पण त्याला सांगून करा, मागून नको. नायलॉनची दोरी कोणी आणली तर हात लावायचा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ पासून देशभर तिच्यावर बंदी घातली आहे, आणि बंदी नसती तरी रस्त्यावरच्या स्कूटरवाल्याचा गळा हे कारण पुरे आहे. दोरी आणायला म्हणून कोणाची ॲक्टिव्हा काढायची नाही. अठराच्या आतल्या मुलाच्या हातात गाडी सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर बापाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे आवाज न चढवता सांगायचं. पण ‘बघू’ म्हणायचं नाही, ‘नाही’ म्हणायचं. दार लावणं, केस, ‘सोन्या’, गुजराती या सगळ्यावर तुम्ही गप्प राहिलात तर या दोन-तीन ‘नाही’ना वजन येईल. रोज पंधरा वेळा ‘नाही’ ऐकणाऱ्या मुलाला सोळावं ऐकू येत नाही.

संगत बिघडली का, याचं उत्तर फोनमध्ये सापडणार नाही. त्या पोरांना घरी बोलवा. भोगीला बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी होतेच ना तुमच्याकडे, थोडी जास्त करायला सांगा. तुम्ही वीस मिनिटं तिथे बसा, मग कामाचं निमित्त काढून उठा. जी पोरं जेवून ताट उचलतात, आजींशी दोन शब्द बोलतात, त्यांच्याबद्दल तुम्हाला व्हॉट्सॲपपेक्षा जास्त कळेल. चोरून फोन तपासू नका. सापडलं काही नाही तर तुमचा संशय फिटणार नाही, आणि त्याला कळलं तर तो दुसरं खातं उघडेल, एवढंच होईल. कोणी पैसे मागतंय, धमकावतंय, फोटो मागतंय अशी शंका आली तर वेगळी गोष्ट. तेव्हाही त्याच्या शेजारी बसून, त्याला सांगून बघा.

जागरणाचा सगळा दोष फोनचा नाही. या वयात शरीराचं घड्याळच तासा-दोन तासांनी पुढे सरकतं, झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरतं. त्याला लवकर झोप येत नाही हे खरं, आणि सकाळच्या पाळीच्या शाळेला ते परवडत नाही हेही खरं. झोप तर आठ ते दहा तास हवी. म्हणून रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. सगळे म्हणजे तुमचाही.

बायको बरोबर आहे का, हे ठरवायची एक खूण सांगते. तुमच्या मुलाने आई-बापाशी अंतर ठेवलंय, पण मित्रांकडे ओढ आहे, सणाची वाट बघतोय. हे नीट चाललंय. मित्रही सुटले, पतंगातही जीव राहिला नाही, खाणं-झोप दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडली, शाळा टाळायला लागला, अंगावर स्वतः केलेल्या जखमा दिसल्या किंवा ‘मी नसलो तर बरं’ असं काही बोलला, तर ‘वय आहे’ म्हणत थांबायचं नाही. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट बोलता येतं. अशा वेळी लोक काय म्हणतील याचा विचार करणारा काल्पनिक प्रेक्षक मग आपल्याही डोक्यात बसलेला असतो, त्याला बाहेर काढा.

राहिलं ते दोन दिवसांचं मौन. ‘तो माझ्याशी बोलला नाही’ असा तुमचा सूर आहे. तुम्ही बोललात का? ‘मी चिडलो होतो आणि फोन घ्यायला नको होता’ एवढं एक वाक्य म्हणा, आणि त्यावर ‘पण तूही...’ जोडू नका. ‘पण’ आला की माफी गेली. समोर बसून म्हणायचं जड जात असेल तर गाडीवर मागे बसवून म्हणा. दोघांनाही एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. मुलग्यांशी बोलायच्या बऱ्याच गोष्टी मी स्कूटरवरच उरकल्या आहेत.

आणि मग उत्तरायण. बडोद्यात सण दोन दिवसांचा असतो हे तुम्ही रागात विसरलात. १४ तारीख मित्रांची. हे तुम्ही स्वतःच म्हणा, त्याने भांडून मिळवायच्या आधी. १५ ची वासी उत्तरायण घरची. उंधियू उरलेलाच चांगला लागतो, आजी धाब्यावर खुर्ची टाकून बसतील, गर्दी कमी, पेच निवांत. हे फर्मान म्हणून सांगू नका, विचारा. तो ‘बघू’ म्हणेल. त्याच्या वयात ‘बघू’ म्हणजे बहुतेक वेळा हो.

त्या ५००० वार दोरीचं काय? अर्धी दुसऱ्या फिरकीवर गुंडाळा आणि १३ ला रात्री त्याला द्या, बोटांना लावायच्या चिकटपट्टीसकट. मित्रांच्या धाब्यावर बापाने दिलेली दोरी चालली तर तो काही बोलणार नाही, पण चार पतंग कापून आला की संध्याकाळी सांगितल्याशिवाय राहणार नाही. तुमचा अर्धा हिस्सा १५ साठी ठेवा. त्या दिवशी पतंग त्याच्या हातात द्या, फिरकी तुम्ही धरा. तो ‘ढील’ म्हणेल तेव्हा सोडा, सल्ला देऊ नका, चुकीचा पेच लावला तरी. आणि सकाळी साडेआठच्या आत त्याला उठवू नका. तोवर वाराही धड सुटलेला नसतो.